पंचवीस डिसेंबर : एक तारीख, अनेक दिवस

(समितीच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एकाच तारखेला अनेक सण, स्मृतिदिन आणि सुट्या येतात, तेव्हा त्या दिवसाकडे आपण कसे पाहावे, असा विषय समितीने आम्हांला दिला आहे. वरवर पाहता हा कॅलेंडरातल्या चौकटीचा विषय आहे. पण या चौकटीवरूनच वस्त्यावस्त्यांतून कुरबुरी होतात. समाजमंदिर त्या दिवशी कोणाला द्यायचे, मुलांनी शाळेच्या कार्यक्रमाला जायचे की आपल्या, येथून सुरुवात होते आणि हा दिवस मूळचा कोणाचा, येथे येऊन वाद थांबतो. खरे म्हणजे थांबत नाही. सगळ्या तारखांचा विचार एका तासात व्हायचा नाही. म्हणून आम्ही एकच तारीख निवडली आहे. २५ डिसेंबर.

भिंतीवरचे कोणतेही कॅलेंडर उघडून पाहा. लाल शाईत 'नाताळ' छापलेले असते. आपल्या चळवळीच्या दिनदर्शिकेत त्याच चौकटीत 'मनुस्मृती दहन दिन' असतो, कारण १९२७ साली याच तारखेला महाडला ते दहन झाले. अनेक स्त्री-संघटना हाच दिवस 'भारतीय स्त्री मुक्ती दिन' म्हणून पाळतात. पुण्याजवळ देहूरोडला बुद्धविहाराचा वर्धापनदिन असतो. केंद्र शासन २०१४ पासून अटलबिहारी वाजपेयी यांच्या जयंतीनिमित्त 'सुशासन दिन' पाळते. पंडित मदनमोहन मालवीयांचा जन्म १८६१ मधला, याच तारखेचा. पलीकडे पाकिस्तानात बॅरिस्टर जीनांच्या जयंतीची राष्ट्रीय सुटी असते. आणि दूर तामिळनाडूत, जुन्या तंजावर जिल्ह्यातील किळवेनमणी या खेड्यात, त्या दिवशी चव्वेचाळीस माणसांचे स्मरण केले जाते. त्याविषयी पुढे बोलू. ते घाईघाईने सांगण्यासारखे नाही.

इतके दिवस एका चौकटीत आले कसे? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न प्रथम विचारावा असे आम्हांला वाटते. कारण दिवस एकत्र येतात त्याची कारणे सारखी नसतात. कधी कोणी तरी ते जाणूनबुजून एकत्र आणतो. कधी निव्वळ योगायोग असतो. आणि कधी या दोहोंच्या मधले एक कारण असते, ज्याकडे आपले लक्ष जात नाही.

जाणूनबुजून आणल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच घरचे आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमी निवडली. १९५६ साली ती १४ ऑक्टोबरला आली. दसऱ्याचा दिवस त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतला होता. पण येथे एक गंमत आहे. दसरा तिथीने येतो आणि १४ ऑक्टोबर ही तारीख आहे. चांद्र महिने आणि सूर्याचे वर्ष यांचा मेळ बसत नाही म्हणून अधिक महिना घालावा लागतो, आणि दसरा कधी सप्टेंबरअखेर येतो तर कधी ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात. २०१७ साली तो ३० सप्टेंबरला होता, २०२० साली २५ ऑक्टोबरला. एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्र महिने जवळपास बरोबर बसतात, म्हणून साधारण एकोणीस वर्षांनी तिथी पुन्हा त्याच तारखेच्या आसपास येते. एरवी दोघांची फारकत. त्यामुळे दीक्षाभूमीवर दसऱ्यालाही सागर लोटतो आणि १४ ऑक्टोबरलाही लोक येतात. तिथी खरी की तारीख, हा वाद आपल्याकडे अजून चालतो.

पंचवीस डिसेंबरचे तसे नाही. नाताळही तारखेने, महाडही तारखेने. ही जोडी कधीच सुटायची नाही. आपल्याला आवडो वा न आवडो, हे शेजारी कायमचे आहेत. तेव्हा शेजाऱ्याची नीट ओळख करून घेतलेली बरी.

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. येशू ख्रिस्ताच्या जन्माची तारीख बायबलात दिलेली नाही. २५ डिसेंबरचा उल्लेख सापडतो तो रोममध्ये, इसवी सन ३५४ च्या एका पंचांगात. त्याच पंचांगात त्याच तारखेला 'अजिंक्य सूर्या'चा जन्मदिवसही नोंदलेला आहे. म्हणजे ही चौकट आपल्या येण्यापूर्वी सोळाशे वर्षे सामाईकच होती! सूर्याचा सण आधीचा की ख्रिस्ताचा, यावर विद्वानांचे एकमत नाही; आपण त्यात पडू नये. पुढे १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी कॅलेंडर दुरुस्त केले, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. ज्यांनी ती दुरुस्ती धर्मकार्यासाठी स्वीकारली नाही, त्या रशियन चर्चचा २५ डिसेंबर आज आपल्या ७ जानेवारीला येतो. विज्ञान शाखेच्या मुलांना सांगतो, न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा म्हणतात तो इंग्लंडातील जुन्या कॅलेंडराप्रमाणे. नव्याप्रमाणे तो ४ जानेवारी १६४३. तारीख ही माणसांनी आखलेली रेघ आहे, एवढे यातून ध्यानात घ्यावे आणि पुढे चलावे.

आता त्या मधल्या कारणाकडे येऊ. ते कारण म्हणजे सुटी.

आपल्या राज्यात सार्वजनिक सुट्यांची अधिसूचना निघते ती कोणत्या कायद्याखाली, ठाऊक आहे? परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. हा हुंड्या, चेक, वचनचिठ्ठ्या यांचा कायदा. बँक ज्या दिवशी बंद, त्या दिवशी हुंडीची मुदत कशी धरायची, एवढ्यापुरता सुटीचा प्रश्न त्यात आला. इंग्रजांनी त्यात रविवार, इंग्रजी नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे हे दिवस नावानिशी घातले. बाकीचे दिवस सरकारने अधिसूचनेने ठरवावेत असे म्हटले. स्वातंत्र्यानंतर रविवार वगळता ती नावे कलमातून गेली. पण नाताळची सुटी इंग्रजांच्या राज्यात कायद्यात बसली होती आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा कोर्टकचेऱ्या, शाळा-कॉलेजे बंद असत, ही गोष्ट पक्की.

त्याचा परिणाम काय झाला? वकील, शिक्षक, कारकून यांना प्रवासाला आणि सभेला वेळ मिळे तो याच आठवड्यात. म्हणून हा परिषदांचा आठवडा झाला. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले ते २८ डिसेंबर १८८५ ला. मुस्लिम लीगची स्थापना ढाक्याला झाली ती ३० डिसेंबर १९०६ ला. यांपैकी कोणालाही नाताळ साजरा करायचा नव्हता. सुटी राज्यकर्त्यांच्या धर्माची, आणि सभा त्यांच्या प्रजेच्या.

कामगारांचा रविवारही असाच. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. सत्यशोधक लोखंड्यांनी या मागणीला खंडोबाच्या वाराचाही आधार दिला, असे सांगितले जाते. साहेबाचा चर्चचा वार, तोच जेजुरीच्या खंडोबाचा वार! युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. पण लोखंड्यांना खरी काळजी होती ती सातही दिवस राबणाऱ्या माणसाच्या पाठीची.

हे सगळे पाल्हाळ कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल. ते महाडसाठी. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावरचा पहिला संग्राम झाला. त्यानंतरची सत्याग्रह परिषद भरली २५, २६ आणि २७ डिसेंबरला. २५ डिसेंबर १९२७ हा रविवारही होता. हायकोर्टाला नाताळची सुटी, आणि बाबासाहेब हायकोर्टात वकिली करीत होते. त्याच आठवड्यात मद्रासला डॉ. अन्सारींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन चालू होते आणि सायमन कमिशनवर बहिष्काराचा ठराव होत होता. तिकडे बहिष्कार घालण्याचा विचार चालला होता आणि इकडे महाडला पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कार भोगलेली माणसे पाण्यासाठी जमत होती. दोन्ही सभा एकाच सुटीच्या आठवड्यातल्या.

या परिषदेची हकिकत आपण दरवर्षी ऐकतो, पण बहुधा दहनापाशीच संपवतो. आज जरा आधीपासून पाहू.

सरकारी सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झालेला होता. तरी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेला दहा-बारा दिवस उरलेले. मंडप घालायला गावात कोणी हिंदू जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. व्यापारी धान्य देईनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. धरमतरमार्गे मोटारीने जावे तर मोटारवाले ऐनवेळी नाही म्हणण्याची भीती. म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ तारखेला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदराला उतरले आणि तेथून सुमारे पाच मैल चालत महाडला आले. मोटार नाही तर पाय आहेत, असा तो हिशेब होता. विद्यार्थ्यांनी नकाशावर सावित्री नदीची खाडी आणि दासगाव शोधून पाहावे.

अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना केली ती १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी. समोर बसले होते कोकणातले शेतमजूर, मुंबईचे गिरणी आणि गोदी कामगार. त्यांना त्यांनी फ्रान्सच्या क्रांतीचा दाखला दिला. लोकांना समजणार नाही म्हणून विषय पातळ करायचा, ही रीत बाबासाहेबांची नव्हती.

मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, म्हणजे आपल्या बापूसाहेबांनी. ते जन्माने ब्राह्मण. अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. रात्री नऊच्या सुमारास, मुद्दाम खणलेल्या खड्ड्यात, बापूसाहेब आणि काही अस्पृश्य साधू यांच्या हस्ते ते दहन झाले. एकाच अपराधाला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा सांगणारा, शूद्राला संपत्तीचा आणि स्त्रीला स्वातंत्र्याचा हक्क नाकारणारा ग्रंथ, म्हणून तो जाळला. पुढे टीकाकारांना उत्तर देताना बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये विदेशी कापडाच्या होळीचा दाखला दिला. कापड जाळल्याने सूत संपत नाही, पण निषेध कळतो.

दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाला तयार असलेल्यांची नावे घेतली, ती चार हजारांच्या आसपास भरली. कलेक्टर सभेत येऊन बोलले. कोर्टाचा हुकूम मोडायचा की नाही, यावर चर्चा झाली आणि २७ तारखेला सत्याग्रह पुढे ढकलण्याचा निर्णय बाबासाहेबांनी लोकांना पटवून दिला. लोक तळ्याभोवतालच्या रस्त्याने शिस्तीत मिरवणूक काढून परतले. पाण्याला हात न लावता. चार हजार माणसे तुरुंगात जायला तयार असताना त्यांना थांबविणे हे ग्रंथ जाळण्याइतकेच कठीण होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हायकोर्टाचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने लागला. म्हणजे दहा वर्षांनी.

त्याच २७ तारखेला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते, त्या खुणा टाकून द्या, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसा, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी लुगडे नेसण्याची ती पद्धत दाखविली. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरून जातीची खूण उतरली ती या तीन दिवसांत. पंचवीस डिसेंबरला स्त्री मुक्ती दिन म्हणणाऱ्या भगिनींचा आधार हाच आहे, आणि तो भक्कम आहे. ८ मार्च हा जगातल्या कामकरी स्त्रियांच्या लढ्यातून आलेला दिवस, तोही आपला. पण सवर्ण घरातल्या स्त्रीलाही जखडणाऱ्या ग्रंथाला महाडच्या अस्पृश्यांनी आग लावली, हे लक्षात घेतले तर हा दिवस केवळ आपल्या वस्तीपुरता राहत नाही.

आता हिशेब मांडा. सुटी ख्रिस्ती सणाची. जमीन मुसलमानाची. ठराव मांडणारा जन्माने ब्राह्मण, अनुमोदन देणारा जन्माने चांभार. लुगडे नेसायला दाखविणाऱ्या कायस्थ घरच्या बायका. आणि ज्यांच्या बळावर हे सारे उभे राहिले ते हजारो महार बांधव, ज्यांतल्या बहुतेकांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. मग 'पंचवीस डिसेंबर आमचाच, त्यांचा नाही' असे कोणी म्हणू लागला की आम्हांला नवल वाटते. काही ठिकाणी नाताळच्या ताऱ्याकडे आणि केककडे बोट दाखवून टवाळीची भाषणे होतात. हे महाडला शोभत नाही. आणि व्यवहार पाहिला तरी खोटे आहे. अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांत मिशनऱ्यांच्या काळात आपल्याच महार-मांग बांधवांपैकी अनेकजण ख्रिस्ती झाले. तेथे आजही एका भावकीत एक घर बौद्ध आणि एक घर ख्रिस्ती सापडते. एकाच आजोबांची नातवंडे सकाळी एका घरी नाताळच्या करंज्या खातात आणि संध्याकाळी दुसऱ्या घरच्यांबरोबर सभेला येतात. नोकरी-शिक्षणाच्या सवलतींत मात्र या भावांमध्ये कायद्याने भिंत उभी केली. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदूंखेरीज इतरांना जागा नव्हती. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेर राहिले. पाणवठ्यावर दोघांना वागणूक एकच मिळाली होती, कागदावर वेगळी मिळाली. हा विषय मोठा आहे, वेगळ्या व्याख्यानाचा. पण निदान त्या भावाच्या सणाची थट्टा आपण करू नये.

देहूरोडचे थोडक्यात सांगतो, कारण पुणे परिसरातील मंडळींना ते तोंडपाठ आहे. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. परतल्यावर २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडच्या नव्या विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. सुमारे वीस हजार लोक जमले होते. बाराशे वर्षांनंतर या देशात बुद्धाच्या पूजनाची प्रतिष्ठापना करण्याचा मान तुम्हांला मिळत आहे, अशा आशयाचे ते बोलले आणि बुद्धाची शिकवण सोप्या रीतीने सांगणारे पुस्तक आपण लिहीत असल्याचेही त्यांनी सांगितले. दीक्षा अजून दोन वर्षे दूर होती. एकाच तारखेला सत्तावीस वर्षांच्या अंतराने एक ग्रंथ जाळला गेला आणि एक मूर्ती बसविली गेली. ही तारीख जुळविली होती की सुटीमुळे जुळली, याचा काथ्याकूट आम्ही करीत नाही. परंतु महाडला काय टाकले आणि देहूरोडला काय घेतले, हे एकाच सभेत मुलांना सांगता येते, ही केवढी सोय आहे!

आणि आता किळवेनमणी.

१९६८ साल. तंजावरचा कावेरीकाठ म्हणजे भाताचे कोठार. शेतमजूर बहुतेक दलित, जमिनी मिरासदारांच्या. लाल झेंड्याखाली संघटित झालेल्या मजुरांनी मजुरीत थोडे भात वाढवून मागितले. जमीनदारांनी आपली वेगळी संघटना काढली, बाहेरून मजूर आणले, आणि तणाव वाढत गेला. २५ डिसेंबरच्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी किळवेनमणीच्या दलित वस्तीवर हल्ला केला. पुरुष पळाले. बायका, म्हातारी माणसे, लेकरे एका झोपडीत शिरली. त्या झोपडीला बाहेरून आग लावण्यात आली. चव्वेचाळीस माणसे जळून मेली. पुढे मद्रास उच्च न्यायालयातून जमीनदार आरोपी निर्दोष सुटले. इतके श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन असे कृत्य करतील हे पटण्यासारखे नाही, असा सूर त्या निकालात होता.

महाडच्या रात्रीनंतर बरोबर एकेचाळीस वर्षांनी, त्याच तारखेच्या रात्री. हा योगायोग आहे, दुसरे काही नाही. त्यात गूढ शोधू नये. मारणाऱ्यांच्या मनात महाड नव्हते, नाताळही नव्हता. पण आपल्याला दोन्ही माहीत आहेत, आणि माहीत झाल्यावर एकाचे नाव घेऊन दुसऱ्याविषयी गप्प राहणे आम्हांला जमत नाही. मनुस्मृतीचा कागद महाडला जळला. त्या कागदाबाहेर जे होते ते जमिनीत, मजुरीत, कोर्टाच्या भाषेत शिल्लक राहिले. आपल्या किती कार्यक्रमांत किळवेनमणीचे नाव घेतले जाते? या सभागृहात बसलेल्यांपैकी किती विद्यार्थ्यांनी ते आजच प्रथम ऐकले? हात वर करायला सांगत नाही.

आमची खरी तक्रार येथे आहे. दहन दिनाचे आपण विधीत रूपांतर करीत आहोत. झेरॉक्सची चार पाने आणायची, चौकात पेटवायची, फोटो काढायचा, घोषणा द्यायच्या आणि घरी जायचे. जाळणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या ग्रंथात काय आहे ते वाचलेले असते? बाबासाहेबांनी तो अभ्यासला होता, बापूसाहेबांनी ठराव मांडताना कारणे दिली होती. न वाचता पूजणे आणि न वाचता जाळणे, दोन्ही एकाच घरची भावंडे. कर्मकांड सोडा असे सांगणाऱ्या धम्मात आलो आणि नवे कर्मकांड घेऊन बसलो, असे होऊ नये. कोणी म्हणेल, दहन करायचेच नाही काय? करावे. पण त्याआधी तासभर वाचन व्हावे, आणि कोणत्या तरतुदींसाठी हे जाळतो आहोत ते एखाद्या मुलीने उभे राहून आपल्या शब्दांत सांगावे.

दुसरी गोष्ट सुटीची. आज नाताळची सुटी आहे म्हणून आपला कार्यक्रम भरतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा कामगार वर्षानुवर्षे आपली रजा टाकूनच जात आला. गर्दी तेथे तरी कमी झाली नाही. पण पंचवीसला सुटी असूनही माणसे येत नाहीत, कारण सुटी म्हणजे सहल, असे आता ठरून गेले आहे. अलिबाग-महाबळेश्वरच्या गाड्या भरून जातात. सहलीला आमचा विरोध नाही. महाडलाच सहल काढा ना! चवदार तळे पाहा, क्रांतिस्तंभ पाहा, दासगावहून चालत या. पाच मैल म्हणजे दोन तास.

२०२७ च्या २५ डिसेंबरला महाडच्या त्या रात्रीची शंभरी. त्या दिवशी शनिवार आहे. मोठमोठे मंडप पडतील, नेते येतील, बॅनरवर बाबासाहेबांपेक्षा मोठे फोटो लागतील. आपल्या समितीने त्यासाठी काय करावे, याविषयी कार्यकारिणीत बोलणे झाले आहे आणि ते सर्वांच्या माहितीसाठी सांगतो. वस्तीतील ज्या घरांतून आजोबा-पणजोबा महाडला गेल्याचे सांगितले जाते, त्या घरांतील वृद्धांकडून ऐकीव आठवणी विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यायच्या आहेत. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याने कोणाकडून ऐकले हेही लिहायचे. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहा, पदरची भर घालू नका. कोकणातल्या घरांपासून सुरुवात करावी. पुढच्या रविवारी वह्या वाटल्या जातील.

येत्या पंचवीस डिसेंबरचा कार्यक्रम असा : सकाळचा वेळ मोकळा ठेवला आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना नातेवाइकांकडे नाताळच्या शुभेच्छा द्यायला जायचे असते. दुपारी चार वाजता बुद्धवंदना, नंतर देहूरोडच्या प्रसंगावर महिला मंडळाच्या भगिनी बोलतील. सहा ते आठ वाचन. नऊ वाजता दहन, आणि त्याच्या लगेच आधी किळवेनमणीच्या चव्वेचाळीस जणांसाठी दोन मिनिटे स्तब्धता. सतरंज्या आपल्याकडे पुरेशा नाहीत. शेजारच्या चर्चच्या मंडळींनी आपल्या सभागृहातील सतरंज्या दुपारी तीननंतर नेण्यास सांगितले आहे. त्यांची प्रार्थना तोवर आटोपलेली असते. युवक मंडळाने त्या आणाव्यात आणि सव्वीसच्या सकाळी झाडून, मोजून परत कराव्यात.